भट्टीवरची आत्या आणि कादंबरीतली मुलगी

गावात तिला सगळेच आत्या म्हणत. दोन भाच्यांची ती सख्खी आत्या होतीच, पण पोस्टमन, घड्याळजी, शाळेतल्या बाई, इतकंच काय, तिच्याहून चार पावसाळे जास्त पाहिलेले पेन्शनर आजोबासुद्धा काउंटरवर टकटक करून "आत्या, आज गोड पाव आहे का?" असंच विचारत. तिला खरं नाव होतं, पण ते वापरायची वेळ क्वचित यायची. मतदानाच्या दिवशी कुणी ते पुकारलं, तर तीच मागे वळून बघायची, कुणाला बोलावताहेत म्हणून.

पुलावरून उतरून बाजाराकडे येणारी गल्ली जिथे कोपरा घेते, तिथे तिची बेकरी. पुढे काचेचं कपाट आणि काउंटर, मागे कणीक मळायचं लांब लाकडी टेबल, आणि सगळ्यात मागे भट्टी. विटांची, लाकडावर चालणारी, तिच्या आजोबांनी बांधलेली. वर दोन खोल्या. एकीत आत्या राहायची, दुसरीत मैद्याची जास्तीची पोती. आत्याच्या हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत चटक्यांच्या बारीक रेघा होत्या. बांगड्या भरल्यासारख्या दिसायच्या. भट्टीच्या तोंडाशी उभं राहून लांब दांड्याच्या फावड्यावर पाव आत सरकवताना तिचा कंबरेपासूनचा वळसा असा काही सहज असायचा, की सकाळी लवकर आलेली गिऱ्हाइकं पाव घेऊन झाल्यावरही थोडी रेंगाळत.

तिची गोष्ट गावाला पाठ होती. वडिलांची बेकरी. भाऊ वीज खात्यात चिकटला, त्याला भट्टीची धग सोसायची नाही. वहिनी आजारी पडली आणि दोन लेकरं मागे ठेवून गेली. थोरला नुकता शाळेत जायला लागला होता, धाकटी अजून भिंत धरून चालत होती. आत्या तेव्हा ऐन विशीत. तिने दोघांना मैद्याच्या पोत्यांवर झोपवून वाढवलं. लग्न केलं नाही. पुढे वडील गेले, भाऊही गेला, आणि बेकरी तिच्या एकटीच्या अंगावर आली. आणि मग लग्नाकार्यात भेटणाऱ्या दूरच्या मावश्या, शेजारणी, जाणती माणसं, सगळी तिचा हात हातात घेऊन म्हणायची, "आयुष्य वाहून टाकलंस गं पोरांसाठी." आत्या हसून हात सोडवून घ्यायची. लोक तिला काही विचारायचे नाहीत, सांगायचे. आणि सांगणाऱ्याला आपण मधेच थांबवून "तसं नव्हतं हो" म्हणायचं म्हणजे पंगतीत वाढणाऱ्याचा हात धरण्यासारखं.

हे सगळं ऐकत ऐकत मोठा झालेला थोरला मात्र आतून वाकला होता. त्याचं हमरस्त्यावर औषधांचं दुकान होतं, बायको मनमिळाऊ होती, मुलगी कॉलेजात होती. पण आपल्या पायी एका बाईचं आयुष्य भट्टीत गेलं, हे त्याच्या मनातून जात नसे. रोज संध्याकाळी दुकान नोकरावर सोपवून तो बेकरीत यायचा. फळांची पिशवी, ताकदीच्या गोळ्या, रक्तदाब बघायचं यंत्र. आत्याचा दंड पट्ट्यात आवळून तो आकड्याकडे असा बघायचा, की जणू तो आकडा त्याच्याच गुन्ह्याचा निकाल आहे. आकडा चांगला आला तरी त्याला बरं वाटायचं नाही.

त्या वर्षी त्याने मनाशी पक्कं केलं होतं. त्याने घराच्या मागच्या अंगणाकडची खोली रंगवून घेतली, खिडकीला फिकट निळे पडदे लावले, मऊ गादीची कॉट आणली. आत्याने आता भट्टी बंद करायची आणि त्या खोलीत आरामात राहायचं. काउंटरवर कारखान्याचे पाकीटबंद पाव ठेवायला एक एजन्सीवाला तयार होता. उन्हाळा संपला की करून टाकू, असं थोरला म्हणाला. आत्या "बघू" म्हणाली. रागाने उगारलेला हात अडवता येतो, प्रेमाने पुढे आलेला कसा अडवायचा, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती रोज सकाळी भट्टी पेटवायची आणि मनाशी म्हणायची, उन्हाळा लांबू दे बाबा यंदा.

अशात एके दिवशी वाचनालयातल्या बाई पाव न्यायला आल्या त्या हातात एक जाड पुस्तक घेऊनच. या बाई म्हणजे गावातलं बडबडं कपाट. पुस्तकं जेवढी वाचनालयात, तेवढ्याच गोष्टी त्यांच्या पोटात, आणि त्या पोटात राहायच्या नाहीत. त्या म्हणाल्या, ही नवी कादंबरी आलीय, कुणा शहरातल्या लेखिकेने लिहिलेली. सुरुवात शहरात आहे, शेवट शहरात आहे, पण मधला भाग एका लहान गावात घडतो. गावाचं नाव दुसरंच दिलंय, पण पूल आपला, गल्ली आपली, टाकीखालचा नळसुद्धा आपला.

"आणि आत्या," त्यांनी काउंटरवरून पुढे वाकून आवाज खाली आणला, "गल्लीच्या कोपऱ्यावर एक बेकरी आहे. बेकरीत एक मुलगी आहे. आणि ती पळून जाते."

आत्या तेव्हा पाव कागदात बांधत होती. दोरा दाताने तोडून ती म्हणाली, "कुणाबरोबर?"

"रस्त्याची मोजणी करायला आलेल्या माणसाबरोबर," बाई म्हणाल्या, आणि आत्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत राहिल्या. आत्याने पुडकं त्यांच्या हातात दिलं आणि मागे भट्टीकडे गेली. तिथे काही काम नव्हतं.

पुढच्या काही आठवड्यांत त्या कादंबरीने गावात जी धमाल उडवली, तेवढी निवडणुकीनेही उडवली नव्हती. वाचनालयात एकच प्रत. जो तो नंबर लावून बसला. ज्यांनी शाळा सुटल्यावर पुस्तक उशाला घ्यायलासुद्धा हातात धरलं नव्हतं, ते चष्मे पुसून तयार. सगळ्यांना हवा होता तो फक्त मधला भाग. शहरातल्या प्रकरणांशी कुणाला देणंघेणं नव्हतं. त्यामुळे पुस्तक मिटलं, की कडेने बघताना मधली पानं मळून काळपट झालेली आणि दोन्ही बाजूंची पांढरीशुभ्र दिसायची. सँडविचच म्हणा ना.

ज्याला त्याला त्यात कुणीतरी सापडलं. घड्याळजींना त्यांचे वडील सापडले, पण ते दारू प्यायलेले. घड्याळजींनी वाचनालयातल्या बाईंशी बोलणंच टाकलं, जणू बाटली त्यांनीच पुढे केली होती. सलूनवाल्याने पुस्तक दोनदा चाळलं आणि तो खट्टू झाला. त्याच्या वडिलांनी गावातल्या प्रत्येक हनुवटीवरून हात फिरवला होता, आणि कादंबरीत एकही न्हावी नाही. "मग या गावातली माणसं दाढ्या वाढवून हिंडतात की काय?" असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचा, आणि मानेवर वस्तरा असल्यामुळे गिऱ्हाईक हो म्हणायचं.

आणि आत्याकडे गाव नव्याने बघायला लागलं. पाव घ्यायला आलेल्या बायका सुट्टे पैसे शोधायला उगाच वेळ लावायच्या. कॉलेजातल्या मुली दोघी-तिघींनी यायच्या आणि तिला चोरून न्याहाळायच्या. या केस आवळून बांधलेल्या, पिठाने माखलेल्या बाईवर कुणीतरी कधी जीव टाकला होता, हे त्यांना पटतही नव्हतं आणि आवडतही होतं. पेन्शनर आजोबांनी तर एके दिवशी घसा खाकरून विचारलंच, की तो मोजणीचा माणूस खरंच वरच्या खोलीत भाड्याने राहायचा ना? आत्या म्हणाली राहायचा. आजोबा म्हणाले, मला आठवतंय. आणि गोड पाव घेऊन गेले.

आत्याचा नंबर आला तेव्हा बाईंनी पुस्तक स्वतः आणून दिलं आणि पीठ लागू देऊ नका असं दोनदा बजावलं. दुपारी गल्ली पेंगते, दुसऱ्या घाण्याची कणीक ओल्या फडक्याखाली फुगत असते, त्या वेळी आत्या पोत्यावर बसून वाचायला लागली. शाळेनंतर तिने पुस्तक असं वाचलंच नव्हतं. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत. पहिल्याच दिवशी पीठ लागलं.

तिने सगळ्यांसारखा मधला भाग आधी उघडला नाही. पहिल्या पानापासून सुरुवात केली, कारण मधूनच घरात शिरणं तिला बरं वाटेना. शहरातली प्रकरणं तिला संथ वाटली, तरी ती नेटाने वाचत गेली. आणि मग एका पानावर गाडी थांबली, माणूस खाली उतरला, पूल ओलांडून चालायला लागला, आणि आत्याच्या अंगावर काटा आला. हा पूल तिने रोज ओलांडलेला. पण पुलाच्या मध्यावर आलं की आधी पावाचा वास येतो आणि मग गाव दिसतं, असं त्यात लिहिलं होतं, आणि ते तिला माहीतच नव्हतं. ती जन्मभर वासाच्या आत राहिली होती. तिने पुस्तक पोत्यावर पालथं ठेवलं, दार ओढून घेतलं, आणि भर दुपारी पुलाच्या मध्यापर्यंत चालत गेली. तिथे उभी राहून तिने श्वास घेतला. खरंच येत होता. सायकलवरून जाणाऱ्या पोस्टमनने काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाली, काही नाही रे, माझ्या बेकरीचा वास बघायला आले होते.

आता त्या मोजणीवाल्याचं सांगायला हवं.

तो खरा होता. हमरस्ता व्हायचा होता तेव्हा मोजणीच्या कामावर आला आणि वरची खोली भाड्याने घेऊन वर्षभर राहिला. कादंबरीत तो बासरी वाजवतो. खऱ्या माणसाला शिटीसुद्धा धड वाजवता यायची नाही. सकाळी उठून गुळण्या मात्र इतक्या सुरात करायचा, की खाली आत्याचे वडील हसून बेजार व्हायचे. पण माणूस सज्जन. शब्दाला पक्का, नजरेने स्वच्छ, थोरल्याला खांद्यावर घेऊन नदीवर जाणारा. त्याची एकच तऱ्हा होती. भट्टीतून काढलेला पाव त्याला दिला, की तो आभार मानून बाजूला ठेवायचा, पार गार करायचा आणि मग खायचा. गरम पाव पोटाला बाधतो, असं त्याच्या आईने सांगितलं होतं. आत्याला ते बघवायचं नाही. पावाची वाफ विरत जायची तसतसा तिचा जीव खालीवर व्हायचा.

काम संपत आलं तेव्हा त्याने तिला विचारलं. कणकेच्या टेबलाशी उभा राहून, दोन्ही हात मागे बांधून, सरळ शब्दांत. आपली बदलीची नोकरी आहे, दर दोन वर्षांनी नवं गाव, पण तुला काही कमी पडू देणार नाही. आत्याने विचार करून सांगते म्हटलं, आणि खरंच केला. तिला तो आवडत होता. थंडीतलं ऊन आवडतं ना, तसा. आलं तर बरं वाटतं, गेलं तर आपण उठून त्याच्यामागे जात नाही.

त्याच दिवसांत वडिलांना ताप आला आणि पहिल्यांदाच सगळी भट्टी तिच्या एकटीच्या हातात आली. लाकडं किती, निखारे कुठे सरकवायचे, विटांची धग हात आत धरून कशी ओळखायची, हे सगळं ती लहानपणापासून बघत होती, पण बघणं वेगळं. त्या पहाटे तिने भट्टीचं झाकण काढलं तर पाव एकसारखे फुगलेले, तांबूस, पाठीला पाठ लावून उभे. ती तिथेच जमिनीवर बसली आणि एकटीच हसत सुटली. दुसऱ्या दिवशी तिने त्याला सांगितलं, मला भट्टी सोडवणार नाही. तो समजुतीने म्हणाला, "अगं, भट्टी काय, कुठेही मिळेल." त्या एका वाक्याने तिच्या मनात उरलीसुरली शंका होती तीही मिटली. हा भला माणूस आहे, पण भट्टी कुठेही मिळते असं याला वाटतं.

एवढीच गोष्ट. त्यात त्याग नव्हता, पोरं नव्हती, रडारड नव्हती. तो गेला त्या दिवशी ती स्टेशनवर गेली होती, वाटेत खायला पाव द्यायला.

कादंबरीतली मुलगी मात्र गाडीत चढते. आत्याने ते पान वाचलं आणि तिला जरा गंमत वाटली. ती पुढे वाचत राहिली, गावात कुणीच न वाचलेली ती पांढरी पानं. मुलगी या गावात राहिली, त्या गावात राहिली. सरकारी घरं, सारख्याच खोल्या, सामानाच्या पेट्या पुरत्या उघडल्याही जात नाहीत तोवर पुढची बदली. नवरा चांगला. मुलं चांगली. कुणी छळत नाही, कशाची वाण नाही. आणि शेवटी शहरात, केस पांढरे झालेले, ती कोपऱ्यावरच्या दुकानात पाव घ्यायला जाते, पाकीट हातात घेऊन दाबून बघते, आणि जागच्या जागी ठेवून परत येते. लेखिकेने त्यावर आणखी काही लिहिलं नव्हतं.

आत्याने पुस्तक मिटलं आणि तिला रडूच कोसळलं. स्वतःसाठी नव्हे. त्या पोरीसाठी. चांगली चालती भट्टी सोडून गेली गं बाई, असं तिला राहून राहून वाटत होतं, आणि तिला परत बोलावून घ्यायला कुणी नव्हतं.

नेमका तेव्हाच थोरला आला. त्यानेही आदल्या आठवड्यात मधला भाग वाचला होता आणि तेव्हापासून त्याला अन्न गोड लागत नव्हतं. फळांची पिशवी दारातच टेकवून त्याने बघितलं, आत्या पोत्यावर बसलीय, मांडीवर ती कादंबरी, आणि पदराने डोळे पुसतेय. जन्मात त्याने तिला रडताना पाहिलं नव्हतं. त्याचाच बांध फुटला. तो तिच्या पायाशी जमिनीवर बसला आणि म्हणाला, "आमच्यापायी तू एवढं सोडलंस, आत्या. आम्ही नसतो तर गेली असतीस."

आत्या त्याच्याकडे बघत राहिली. केसांत पांढऱ्या तारा आलेला हा बाप्या, नाक लाल झालेलं. तिने विचारलं, "शेवटपर्यंत वाचलंस का?"

त्याने मान हलवली. मधलंच वाचलं होतं.

"मग आधी ते वाच. बिचारी एकेका गावात सामान बांधत सोडत म्हातारी झाली. तिच्यासाठी रडतेय मी." मग ती म्हणाली, "आणि हे बघ, मी त्याला नाही म्हटलं ते तुमच्यासाठी नाही. खरं सांगायचं तर तुमचा विचारही तेव्हा मनात आला नव्हता. मला हे काम आवडतं रे. आवडतं म्हणून राहिले."

थोरल्याला ते ऐकूच येईना. म्हणजे शब्द ऐकू आले, पण ते कुठे ठेवावेत ते कळेना. मग तिने त्याला सगळं सांगितलं, गुळण्या, गार पाव, वडिलांचा ताप, भट्टी काय कुठेही मिळेल. सांगता सांगता ती मधेच हसत होती. तो हसला नाही. शेवटी त्याने अगदी लहान आवाजात विचारलं, "मग आम्ही?"

"तुम्ही होतातच की," आत्या म्हणाली. "भट्टी होती, तुम्ही होतात, तुझा बाप होता. सगळं इथंच होतं माझं. भरल्या ताटावरून कुणी उठून जातं का?"

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"विचारलं कुणी?"

आणि त्याच ओघात, आता जीभ सुटलीच आहे तर, तिने तेही सांगून टाकलं. खोली फार छान केलीस. पडद्यांचा रंग मला आवडला. पण मला तिथे राहायचं नाही, आणि ही भट्टी बंद करू नकोस.

थोरला उठला, पँट झटकली आणि तिच्या मांडीवरचं पुस्तक उचलून निघून गेला. पुढचे काही दिवस तो आलाच नाही. जन्मभर डोक्यावर वाहिलेलं ओझं कुणी उचलून घेतलं की मान मोकळी होते खरी, पण घटकाभर तोलही जातो. त्याचं तसं झालं होतं. शिवाय, आत्या आपल्यासाठी राहिली नाही, हे कळून सुटका वाटावी तिथे त्याला थोडं लागलंही होतं. माणसाचं मन म्हणजे असंच. देणं फिटलं तरी रुसतं.

मधल्या काळात त्याची बायको येऊन गेली. ती पोत्यावर बसून आधी खूप हसली. म्हणाली, लग्न झाल्यापासून ऐकतेय, आत्याने आमच्यासाठी भट्टीत जन्म काढला. कुठे फिरायला जाऊ म्हटलं तरी, आत्या तिकडे राबतेय आणि आपण मजा करायची का, हेच. आता बिचाऱ्यांना घरात बसायला दुसरं कारण शोधावं लागणार. मग जरा गंभीर होऊन म्हणाली, तुमच्यावर रागावलेले नाहीत ते, पुस्तक वाचताहेत. सगळं, पहिल्या पानापासून.

त्यानंतर एका सकाळी, दुकान उघडायच्या आधी, थोरला बेकरीत आला. फळं नव्हती, यंत्र नव्हतं, हातात फक्त ते पुस्तक होतं. पहिला घाणा नुकता निघाला होता. तो लहानपणी बसायचा तसा पोत्यावर चढून बसला आणि म्हणाला, एक दे गं. आत्याने भट्टीतला दिला. त्याने तो दोन्ही हातांत खेळवत, फुंकर मारत, तोंड पोळत खाल्ला आणि मग म्हणाला, "ती शेवटी पाकीट दाबून बघते ना आत्या, ते वाचवलं नाही मला." आत्या म्हणाली, मलापण. गिऱ्हाइकं यायला लागली, तो उठून गेला.

एजन्सीवाल्याला त्याने परस्पर नकार कळवला. निळ्या पडद्यांच्या खोलीत धाकटी माहेरपणाला आली की राहायला लागली, आणि तिने पहिल्याच दिवशी पडद्यांचा रंग बदलायला लावला. थोरल्याने एकच हट्ट धरला: लाकडं आणि पोती उचलायला माणूस ठेवायचा. आत्याने तो मान्य केला, कारण पाठ तिचीच होती आणि ती खोटं बोलत नव्हती.

पुढे वाचनालयाने लेखिकेला बोलावलं. सभा तुडुंब भरली. सलूनवाल्याने उभं राहून न्हाव्याचा प्रश्न विचारला. लेखिकेने त्याची माफी मागितली आणि पुढच्या पुस्तकात नक्की असं सांगितलं, तेव्हा तो तृप्त होऊन खाली बसला. आत्या मागच्या रांगेत होती. सभा संपल्यावर लेखिका शोधत शोधत बेकरीत आली. थोरल्याहून काही वर्षांनी लहान, साधी, चष्म्यातून नीट बघणारी बाई. आत्याने तिला स्टुलावर बसवलं आणि नुकता निघालेला पाव बशीत घालून पुढे केला. बाईने आभार मानले, बशी बाजूला सरकवली आणि म्हणाली, "जरा गार होऊ दे. गरम बाधतो मला."

आत्या एकदम खुदकन हसली. मग तिने त्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. कपाळ तेच, हनुवटी तीच.

"बाबा कसे आहेत?" तिने विचारलं.

बाबा दोन वर्षांपूर्वी गेले, मुलगी म्हणाली. आत्याने ओळखल्याचं तिला आश्चर्य वाटलं नाही. ती त्यासाठीच आली होती. बाबांनी शेवटच्या आजारपणात या गावाच्या गोष्टी सांगितल्या, पूल, वास, कोपऱ्यावरची बेकरी. आई पण बसून ऐकायची आणि हसायची. कादंबरीत गाडीत चढल्यानंतरचं जे आहे, ते माझ्या आईचं, असं ती म्हणाली. सामान बांधणं, सोडणं. पाकीट दाबून बघणंही. त्यावर आत्या म्हणाली, आईला एकदा घेऊन ये इकडे. भट्टी दाखवू.

निघताना दारात थांबून त्या मुलीने विचारलं, "बाबा सांगायचे, तुम्ही स्टेशनवर आला होतात. गाडी सुटताना तुमचा एक पाय पायरीवर होता, म्हणायचे. खरंच होता का?"

आत्याला ते स्टेशन लख्ख आठवत होतं. तिने खिडकीतून पुडकं दिलं होतं, गाडी हलायच्या आत वळली होती, कारण घरी कणीक फुगून वर येत होती. पायरीच्या जवळपाससुद्धा ती गेली नव्हती. ती म्हणाली, "असेल गं. गर्दी फार होती त्या दिवशी."

मुलगी गेली. गार झालेला पाव तिने खाल्ला होता, अगदी शेवटच्या तुकड्यापर्यंत.

काही महिन्यांनी लेखिकेची आई खरोखर आली. दोघी म्हाताऱ्या दुपारभर भट्टीपाशी बसल्या होत्या. काय बोलल्या ते वाचनालयातल्या बाईंनाही कळलं नाही, आणि त्याचं त्यांना अजून वाईट वाटतं. पाहुणीच्या हाताने एक घाणा आत गेला, थोडा करपला, आणि तोही संध्याकाळपर्यंत विकला गेला, एवढं मात्र गावाला माहीत आहे.

आत्याला वाचनाची चटक लागली ती लागलीच. पिठाने माखलेली ती प्रत तिने परत केली तेव्हा वाचनालयातल्या बाईंनी कपाळावर हात मारला, आणि आता आपल्या गावाचं दुसरं पुस्तक कुठून आणू म्हणून विचारलं. आत्या म्हणाली, आपलं गाव नको. ते मी रोज बघते. दुसऱ्या कुणाच्या गावाचं द्या, जाड असलं तरी चालेल.